देवापुढं काळे डबे नकोत

मी सोयाबीनच्या तेलापासून लाकडाचं पॉलिश बनवते. हे सांगितलं की समोरचा माणूस ठरलेल्या दोन गोष्टींपैकी एक बोलतो. गावाकडचा असला तर विचारतो, "मंग त्यात भजे बी तळता येतील की!" आणि शहरातला, जरा शिकलेला असला, तर डोळे मिटून मान डोलावतो आणि म्हणतो, "वा! एकदम ग्रीन!" पहिल्याला मी हसून सोडून देते. दुसऱ्याला मात्र एकदा आमच्या शेडमध्ये आणून ॲसिडच्या कॅनपाशी नाक न झाकता उभं करावं, असं फार वाटतं.

शेड जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे. शेजारी सळया बनवणारी गिरणी, तिची काजळी दिवसभर आमच्या पत्र्यावर. आमच्या शेठच्या घरात आज्या-पणज्यापासून खाद्यतेलाचा धंदा. तेल गाळायचं, डबे भरायचे, पुढं काही माहीत नाही. पुण्यातल्या कुठल्याशा प्रदर्शनात कोणीतरी त्यांच्या कानात सांगितलं की आता खायच्या तेलापेक्षा लावायच्या तेलाचा जमाना आहे. झालं! परतीच्या वाटेवर गाडीतच कंपनीचं नाव ठरलं. पुढच्या महिन्यात फलक लागला. फलकावर हिरवं पान, पानावर दवाचा थेंब, खाली 'केमिकलमुक्त'. आत पॉलिश बनवणारं कोणी आहे का, हे कोणी बघितलंच नव्हतं. फलक लागल्यावर माझी मुलाखत झाली. मी रसायनशास्त्रात एम. एस्सी. केलेली. शेठनी विचारलं ते एवढंच, "मॅडम, फोटोत जरा हसता येतं ना?"

केमिकलमुक्त म्हणे. अहो, ते तेल आधी पेरॉक्साइड आणि ॲसिडमध्ये ढवळायचं, मग त्यावर दुसरं ॲसिड चढवायचं, तापमान जरा इकडचं तिकडं झालं तर सगळं भांडं फेकायचं. मी शेठना हे सांगितलं, तर म्हणाले, "लिहायला काय जातंय?" शेवटी जे तयार होतं ते काकवीसारखं दाट आणि पिवळसर असतं. त्यात उजेड ओळखणारी पावडर चिमूटभर. अंधारात ठेवलं तर महिनोन्‌महिने तसंच राहतं. लाकडावर पातळ फासून वर अतिनील दिवा धरला, की डोळ्याची पापणी लवते न लवते तोच काचेसारखं कडक. ऊन दाखवलं तरी चालतं, जरा वेळ जास्त लागतो. ते काही अमृत नाही, ओलं असताना कातडीला लागलं तर खाज सुटते. पण उडून हवेत जाईल असं त्यात काही नाही. म्हणून वास नाही, आणि पातळ करायला थिनर नाही.

थिनर नाही. माझा सगळा जीव ह्या दोन शब्दांत अडकलेला होता, आणि हे शेठला कधी कळलं नाही.

माझे वडील ह्याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत सुतारकाम करतात. आम्ही त्यांना आबा म्हणतो. दारं, खिडक्या, देव्हारे. रस्त्याला लागून पत्र्याचं दुकान, मागं घर. सगळं आयुष्य थिनरच्या वासात गेलं. बारकं दुकान, दाराला पडदा, कारण पॉलिशवर धूळ बसायला नको. मग तो सगळा वास कुठं जाणार? आबांच्या छातीत. ज्या दिवशी पॉलिश, त्या दिवशी आबा आडवे झोपू शकत नाहीत. भिंतीला पाठ टेकून, उशी मांडीवर घेऊन बसल्या बसल्या झोपतात. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचे वडील असेच झोपतात. मैत्रिणीच्या घरी तिचे वडील आडवे पसरलेले बघून मी घाबरून तिच्या आईला हाक मारली होती.

जालन्याच्या डॉक्टरनं एक्स-रे खिडकीकडं धरला आणि सांगितलं, "पॉलिश बंद करा. नाहीतर हा दम असा वाढत जाईल की पंपसुद्धा पुरणार नाही." आबांनी एक्स-रेकडं असं बघितलं, जसं दुसऱ्या सुतारानं केलेल्या दाराकडं बघतात. बाहेर आल्यावर म्हणाले, "बंद कर म्हणतो. गिऱ्हाइकाला उघडं लाकूड देऊ काय? माझ्या दुकानातून आजपोतर उघडं दार गेलं न्हाई." आई म्हणाली, "दुसऱ्याकडून पॉलिश करून घ्या." त्यावर आबा आठ दिवस तिच्याशी धड बोलले नाहीत. असा माणूस. हट्टाला काही औषध आहे का?

म्हणून मी कारखान्यात काय करत होते, तर शेठच्या फलकासाठी फर्निचरवाल्यांचं पॉलिश करत होते आणि उरलेल्या वेळात आबांसाठी करत होते. आबांकडं अतिनील दिवा कुठून येणार? त्यांच्यासाठी उन्हात कडक होईल असं पाहिजे होतं, सागवानाच्या रेषा दिसतील असं, हातानं फडक्यानं घासता येईल एवढं पातळ. कितीदा तरी फसलं. एकदा चिकट राहिलं, एकदा ठिसूळ झालं, एकदा असं पिवळं पडलं की दाराला हळद लागल्यासारखं दिसायला लागलं. शेवटी जमलं. आबांना सांगितलं, तर नाक मुरडून म्हणाले, "वास न्हाई म्हणतेस, मंग ते पॉलिश कशाचं?"

खूप वाद झाल्यावर एक गोष्ट कबूल केली. गावातल्या एका मास्तरांनी नवं घर बांधलं होतं. घर एवढंसं, पण समोरचे खांब राजवाड्याचे. त्याचं सागवानी दार आबांकडं होतं, दोन झडपांचं. दसरा झाल्यावर चार-सहा दिवसांत वास्तुशांत. आबा म्हणाले, "ह्या दारावर लावून बघतो. एकच डाव. बराबर बसलं, तर थिनरचा डबा ह्या दुकानात ठेवणार न्हाई. न्हाई बसलं, तर त्या तेलाचं नाव पुन्हा माझ्यापुढं काढायचं न्हाई. बोल." मी म्हटलं, कबूल. दसऱ्याच्या आधी मी दोन्ही झडपांना पुरेल एवढं पॉलिश करून ठेवलं, आणि दिव्याखालीही तेच चालतं म्हणून त्याच भांड्यातलं शेठचंही. काळ्या डब्यांत भरून, झाकणं घट्ट लावून, पिवळ्या खोलीत.

पिवळी खोली हे आणखी एक प्रकरण. साध्या उजेडानं हा माल बिघडतो, म्हणून त्या खोलीच्या काचांना मी पिवळा कागद लावला होता आणि दिवेही पिवळे बसवले होते. पिवळ्या उजेडात त्याला काही होत नाही. शेठचा मेव्हणा, जो कारखान्यात डायरेक्टर आहे आणि नेमकं काय डायरेक्ट करतो ते कोणाला माहीत नाही, तो ह्या खोलीला 'काविळीची खोली' म्हणायचा. पाहुणे आले की दार उघडून दाखवायचा, "ही आमची काविळीची खोली," आणि स्वतःच हसायचा. मी दारावर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं, 'डबे उघडू नयेत. उजेडात नेऊ नयेत.' त्यानं त्याचाही फोटो काढला.

आमच्याकडं दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा होते. त्याला माझी ना नाही. आबासुद्धा रंधा, करवत, किकरं धुऊन पुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात, त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. पण आमच्या शेठची पूजा म्हणजे फोटोची पूजा. भटजी आणि फोटोग्राफर एकाच गाडीतून आले. आम्हा बायकांना निरोप होता की अकराला या, प्रसादाला. त्याआधी आमचं काय काम?

मी नवी साडी नेसून अकराला पोचले. अंगणात टेबल, त्यावर लाल कापड, कापडावर झेंडूच्या माळा घातलेल्या काचेच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या. लोणच्याच्या, शेठच्या घरच्या. आत काहीतरी पिवळं, उन्हात चमकत होतं. मला आधी वाटलं, प्रसादाचा मध असेल. मग तो रंग ओळखला. मी धावत जाऊन एक बरणी उचलली. गरम लागली. तिरकी केली, आतलं हललं नाही.

"कोणी काढलं हे?"

मेव्हणा पुढं आला. सोनेरी काठाचं उपरणं, कपाळावर केवढा तरी टिळा. "मीच काढायला लावलं, मॅडम. आपला माल पूजेला नको का? ते काळे डबे कसे दिसले असते? देवापुढं काळं कोणी मांडतं का? सणाच्या दिवशी?"

"सगळे डबे?"

"सगळे. कमी-जास्त कशाला करायचं देवाचं?"

भटजींनी अक्षता टाकल्या होत्या, कुंकू टाकलं होतं, झेंडूच्या पाकळ्याही टाकल्या होत्या. वरचा थर चिकट, त्यात त्या पाकळ्या अशा बसल्या होत्या की आता काढून दाखवा. शेठनी बरणी माझ्या हातातून घेतली, उलटी केली, एक थेंब सांडला नाही. त्यांचे डोळे भरून आले. दोन्ही हातांनी बरणी कपाळाला लावली आणि म्हणाले, "पूजा चालू असतानाच गोठलं, मॅडम! आम्ही सगळ्यांनी बघितलं. देवानं स्वीकारलं!" फोटोग्राफर म्हणाला, "शेठ, पुन्हा एकदा उलटी करा." शेठनी पुन्हा केली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "देवानं नाही, शेठ, उन्हानं. ह्याच्यासाठीच तर ते पिवळे कागद आहेत, ह्याच्यासाठीच दारावर लिहिलंय." बोलताना माझा आवाज एवढा चढला की भटजी दक्षिणा मोजायचे थांबले. शेठ अगदी प्रेमानं म्हणाले, "नाराज कशाला होता? सणाचा दिवस आहे. पुन्हा बनवा." पुन्हा बनवा! चहा आहे का तो? दिवाळी झाल्याशिवाय ॲसिड मिळणार नव्हतं, आणि वास्तुशांत त्याच्या आधी. आबांचा एकच डाव होता, तो ह्या अडाण्यांनी लोणच्याच्या बरणीत घातला होता. मला तिथंच, त्या लाल कापडासमोर, खाली बसून रडावंसं वाटलं. मेव्हण्यानं माझ्या हातात पेढा ठेवला.

पेढा हातात घेऊन मी बरणीकडं बघत होते तेव्हा एक गोष्ट डोक्यात आली. ऊन बाहेरून आत जातं. आधी काचेला लागलेला थर कडक होणार, आणि तो थरच पुढचं ऊन अडवणार. म्हणजे मधलं कदाचित वाचलं असेल. मी पेढा तिथंच टेबलावर ठेवला आणि बरण्या उचलून पिवळ्या खोलीत न्यायला लागले. मेव्हणा मागून ओरडला, "अहो, उत्तरपूजा व्हायचीय!" मी म्हटलं, "मी करते उत्तरपूजा."

आणि केली. साडीचा पदर खोचून, हातमोजे घालून, सुरीनं वरचा चिकट थर कापला, देवाच्या पाकळ्यांसकट. खाली बोटभर जाडीची कडक साल, आणि तिच्या आत खरंच, काकवीसारखं, ओलं. प्रत्येक बरणीतून थोडं थोडं निघालं. त्यात गाठी होत्या, अक्षता होत्या, ते सगळं तलम कापडातून गाळलं. जेवढं जमलं ते एका काळ्या डब्यात भरलं. मास्तरांच्या दाराची एक झडप होईल एवढं. दुसरीला काही नाही. एक बरणी शेठनी हात जोडून मागून घेतली, पाव्हण्यांना दाखवायला. ती अजून ऑफिसच्या काचेच्या कपाटात आहे, आणि आलेला प्रत्येक जण ती उलटी करून बघतो आणि म्हणतो, "एकदम ग्रीन!"

दुसऱ्या दिवशी डबा काळ्या पिशवीत गुंडाळून मी एस.टी.नं टेंभुर्णीला गेले. आबा दुकानात दाराशेजारी बसलेले, काचपेपर मारून दोन्ही झडपा तयार. डब्याकडं बघून म्हणाले, "एवढंच?"

मी सगळं सांगितलं. सांगताना मलाच लाज वाटत होती, जसं काही मीच ते ऊन दाखवलं होतं. आबा ऐकत राहिले, मग हसायला लागले, हसता हसता खोकला लागला, पाणी प्यायले, आणि पुन्हा हसले. "देवापुढं मांडलं? उन्हात? म्या बी काल रंधा पुजला, पर पाण्यात बुडवून न्हाई पुजला!" आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. मी नाही हसले. मग आबा म्हणाले, "चल, आण. एक तर एक."

हातमोज्यांवरून भांडण झालं. "मोजे घालून लाकूड कळत न्हाई." मी म्हटलं, खाज सुटली तर दुकानात उभं राहता येणार नाही. शेवटी तोंड वाकडं करून घातले. पण हात बघत राहावा असा चालत होता, रेषेबरोबर, न थांबता. मग आम्ही झडप उचलून उन्हात नेली. हवा लागली की वरचा थर चिकट राहतो, म्हणून मी त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरलं. आबा म्हणाले, "नवरी हाय का झाकायला?" थोड्या वेळानं मी प्लॅस्टिक एका कोपऱ्यातून ओढलं, आणि सागवान असं उजळून निघालं की रस्त्यावरून जाणारे दोघं थांबले. आबांनी नख मारलं. पुन्हा मारलं. मग वाकून नाक लावलं, बराच वेळ. "वास कुठंय ह्याला?" म्हणाले. शाबास म्हणायला ह्या माणसाच्या जिभेला काय होतं, देव जाणे.

दुसरी झडप तशीच उघडी, भिंतीला टेकवलेली. फळीवर थिनरच्या पॉलिशचा डबा. आबांनी त्याच्याकडं दोनदा बघितलेलं मी बघितलं. जोडीच्या दोन झडपा वेगळ्या दिसल्या तर सुताराची अब्रू जाते, हे मलाही माहीत होतं. आता आबा उद्या माझी झडप तासून काढतील आणि दोन्हींना थिनरचं पॉलिश मारतील, असं मी धरूनच चालले. एवढं करून काय उपयोग झाला? त्याच रागात जाऊन झोपले.

सकाळी उठून बाहेर आले तर आबा पाठ टेकून झोपतात ती भिंत रिकामी. मी आबांना हाक मारणार होते. आई चुलीपाशी उभी होती, तिनं तोंडावर बोट ठेवलं आणि खाली दाखवलं. आबा सतरंजीवर आडवे होते. पार पाठीवर, हात पसरून, तोंड उघडं टाकून घोरत होते. पॉलिशच्या दिवशी! आई पुटपुटली, "उठवू नको. मी कधीची बघून राह्यले." मला रडू आलं, आणि एवढ्या घोरणाऱ्या माणसासाठी रडू आलं ह्याचा रागही आला.

ते उठले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं, आणि मास्तर दारात उभे होते. मास्तरांचा आवाज वर्गातलाच. "हे काय? एकच झडप? परवा वास्तुशांत, पाहुणे येणार! अन् दुसरी नंगी?"

"तिचं पॉलिश यायचंय," आबा म्हणाले. "दिवाळीनंतर."

"दिवाळीनंतर?" मास्तरांनी फळीकडं बोट दाखवलं. "तो डबा तर भरलेला दिसून राह्यला! त्यानं मारा, दुपारपर्यंत होतंय."

आबा उठले, फळीवरून थिनरचा डबा काढला, त्याच्यावरची धूळ फडक्यानं पुसली आणि मास्तरांच्या हातात दिला.

"हा तुम्ही घेऊन जा, मास्तर. दार उघडंच लावून देतो, दिवाळीनंतर येऊन करीन. पॉलिश करून बी आडवं झोपता येतंय, हे मला काल कळलं."

मास्तरांना काही समजलं नाही. ते डबा हातात धरून आईकडं बघायला लागले. आईनं त्यांना बसायला पाट दिला आणि चहा टाकायला आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.